इर्जिकीची न्हाणी

सूर्यभानचं दुकान म्हणजे कुरुंदाचा एक दगड, दोन कानशी आणि पाण्याचा डबा. ते सगळं खोलीच्या दारात, पत्र्याच्या सावलीला मांडलेलं असे. गंगाखेडच्या बाहेर, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून पंडितच्या खोल्यांची ओळ होती. त्यातली रस्त्याकडची पहिली खोली सूर्यभान आणि कोकिळाची. ऊस तोडायला निघालेल्या टोळ्या दसऱ्यापासून त्या दारात कोयते पाजवायला यायच्या. पंडितच्या खोल्यांतला सूर्यभान, एवढं सांगितलं की माणूस न चुकता येऊन उभा राहायचा.

सूर्यभान, कोकिळा, पंडित आणि पंडितची बायको दगडाबाई ही चौघं राणीसावरगावची, एका टोळीतली. उसाच्या फडावर वर्षानुवर्षं त्यांच्या चटयांच्या कोप्या शेजारी शेजारी पडल्या. पंडित लवकर बाहेर पडला. जपून राहिला, रस्त्याकडेला पडीक जागा घेतली, एकेक करून खोल्या उभ्या केल्या. सूर्यभान मागं राहिला, आणि एका हंगामात डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवरून चढताना त्याचा पाय सरकला. खुबा मोडला तो नीट बसलाच नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईला टोळीत कुणी घेईना. गावातलं घर भावाच्या वाटणीला गेलेलं. लेक पाथरीला दिलेली; ती या म्हणायची, पण जावयाच्या दारात खाट टाकून बसायचं सूर्यभानच्या मनाला पटत नव्हतं.

तेव्हा पंडितच म्हणाला होता, "माझ्या खोल्या असताना तू दुसरीकडं कामून जातूस? ये. तुझ्याकडून काय लुटून घ्यायचंय मला."

आणि त्यानं लुटलं नाही, हे खरं. इतरांपेक्षा भाडं कमीच लावलं.

खोलीला दार होतं, खिडकी होती, पण न्हाणी नव्हती. कुठल्याच खोलीला नव्हती. बाया तांबडं फुटायच्या आत मागच्या बाजूला लुगड्याचा आडोसा करून अंग धुवायच्या. सांडपाणी पुढं वाहत येऊन दारात तुंबायचं. त्यात डुकरं लोळायची. सूर्यभानची काठी त्या चिखलात रुतायची आणि ती उपसून काढताना त्याच्या तोंडातून आवाज निघायचा. तो आवाज कोकिळाला ऐकवत नसे.

कोकिळा गवंड्याच्या हाताखाली जायची. बांधकामावरच्या फुटक्या शहाबादी फरश्या, मोडक्या विटा मालक टाकून देत. ती मुकादमाला विचारून येताना डोक्यावरून घेऊन यायची. हळूहळू खोलीमागं ढीग झाला. फडावर गेल्यावर पहिल्या दिवशी कोपीपुढची जागा सारखी करायची, दगड मांडायचे, पाण्याला वाट काढायची, ही तिच्या हाताची सवय. जिथं राहायचं तिथलं आपण करायचं, ते कुणाला विचारायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

वैशाखाच्या आवसेला गवंडीकाम बंद असतं. आदल्या दिवशी ती दारोदार जाऊन सांगून आली, "उद्या इर्जिक हाय माझी. हात लावाय या, जेवाय बी या."

इर्जिकीला माणूस पैशासाठी येत नाही. एकाच्या कामाला सगळ्यांनी यायचं, दिवसभर राबायचं, त्याच्या घरी जेवायचं, आणि आपली पाळी आली की त्यानं आपल्याकडं यायचं. सगळ्या खोल्यांतली माणसं आली. शेजारची सुलाबाई सुनेला घेऊन आली. आणि पंडितही आला, धोतराचा काचा मारून, खांद्यावर फावडं टाकून.

"घरमालक," सुलाबाई म्हणाली, "तुमाला झेपंल का? पोट सुटलंय की तुमचं."

"पोट सुटलंय, हात न्हाई सुटले," पंडित म्हणाला आणि त्यानं मुरुमाची पहिली पाटी उचलली.

त्या दिवशी तो खरंच राबला. घामानं त्याची बंडी पाठीला चिकटली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक खोलीमागं फरशीची न्हाणी झाली, पाण्याला नाली झाली, पुढचं अंगण मुरूम टाकून धुम्मसानं ठोकून उंच झालं. सूर्यभाननं बसल्या बसल्या सगळ्या फरश्यांच्या कडा घासून सारख्या केल्या. कोकिळानं येसराची आमटी केली होती, भाकरीची चवड लावली होती. अंगणात पंगत बसली. पंडित पत्रावळीवर वाकून भुरका मारत म्हणाला, "कोकिळा, फडावरची आठवण करून दिलीस."

पावसाळा आला आणि गेला. अंगणात पाणी थांबलं नाही. सुलाबाईची सून उजाडल्यावर, सावकाश, दाराला कडी लावून अंघोळ करू लागली.

दिवाळी झाली. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा होता, आणि हंगामापुरते येणारे कारकून, फिटर गावात खोल्या शोधत हिंडत होते. एक दिवस कोकिळा कामावरून आली तेव्हा तिच्या न्हाणीच्या दारात पंडित एका तरण्या माणसाला घेऊन उभा होता. पायात बूट, पाठीला पिशवी. पंडित वाकून फरशीवरून हात फिरवत सांगत होता, "सगळी सोय हाय बगा. पाणी कुठं थांबत न्हाई. पुढचं अंगण बी पक्कं केलंय."

"छान आहे," तो म्हणाला. मग कोकिळाला बघून जरा अवघडला. "मावशी, मी नचिकेत. कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क म्हणून आलोय. तुम्ही सोडणार आहात ना ही खोली?"

कोकिळानं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. पंडित नालीकडं बघत होता.

"तसं न्हाई काय ठरलं अजून," तो म्हणाला. "चला, पलीकडची दावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सूर्यभानच्या दगडासमोर येऊन उकिडवा बसला. सूर्यभान कोयत्याला पाणी लावत होता.

"भाव वाढलाय रे सगळीकडं," पंडित म्हणाला. "न्हाणीची खोली म्हणल्यावर लोक दीडपट द्यायलेत. तुला एकट्याला सोडलं तर बाकीचे मला काय म्हणतील?"

सूर्यभान कोयता दगडावर ओढत राहिला. "न्हाणी तर हिनं केली."

"केली की. मी न्हाई म्हणलं का? मी बी राबलो. पण जागा कुणाची हाय, सूर्यभान? ह्या जागंपायी मी चहा पिला न्हाई कुठं हाटेलात. दगडाबाईच्या अंगावर मणी न्हाई राहिला. मुलूख सगळा भाव बगून चालायलाय, मी एकटाच कामून खुळा?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. सूर्यभाननं धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हिला सांगतो."

बातमी ओळीत आधीच पोचली होती. कोकिळा नळावर गेली तेव्हा बाया बोलायच्या थांबल्या. तिनं घागर लावली. सुलाबाई आपली घागर काखेत घेता घेता म्हणाली, "आमी लुगड्याआड धूत होताव ते बरं होतं बाई. तुझ्या न्हाणीनं भाडं वाढवलं."

"सुलाबाई, तुमीच म्हणला होता, सुनेला आडोसा झाला."

"म्हणले होते. आता सुनेनं वाढीव भाडं भरायचं का पोराला दूध घ्यायचं, ते तू सांग."

कोकिळाची घागर भरून वाहत होती. कुणीतरी तोटी बंद केली. ती पाणी घेऊन आली आणि न्हाणीत जाऊन उभी राहिली. कोपऱ्यातल्या फरशीला तिच्या बोटाचा ठसा होता, सिमेंट ओलं असताना उमटलेला. आपण कुणाचं वाईट केलं, तेच तिला कळेना. हातानं एवढं चांगलं काम झालं, आणि त्याच हातानं शेजाऱ्यांच्या ताटातली भाकर काढून घेतली.

दोघं संध्याकाळी पंडितकडं गेली. ओळीच्या शेवटच्या दोन खोल्यांत तो राहायचा. दगडाबाईनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. मागं जोत्याचे दगड रचलेले दिसत होते. नव्या खोल्या निघायच्या होत्या.

"पंडितभाऊ," कोकिळा म्हणाली, "एवढा हंगाम तरी राहू द्या. ह्यांचं गिऱ्हाईक ह्या दाराला येतंय. दुसरीकडं गेलाव तर कोण हुडकीत येईल?"

"तेच मी बी इचार केला." पंडितनं मांडी बदलली. "भाडं वाढवत न्हाई. तुमचंच न्हाई, कुणाचंच. पण येत्या आवसंला माझी इर्जिक हाय. ह्या नव्या जोत्यात मुरूम भरायचाय. सगळ्यांनी यायचं, दिवसभर हात लावायचा, माझ्याकडं जेवायचं. झालं. म्हणजे माझं बी काम झालं, तुमचं बी."

सूर्यभानच्या चेहऱ्यावरची ओढ सैल झाली. "मंग काय, येताव की."

कोकिळानं विचारलं, "जेवल्यावर ह्या साली भाड्याचं बोलणार न्हाई?"

"न्हाई."

"एकच आवस?"

पंडितनं मागच्या जोत्याकडं बघितलं. "मुरूम एका दिसात कुठं भरतोय. अन् भिंती हायत, पत्रे हायत. काम असंल तवा सांगंन की. आवसंला तुमी मोकळेच असता."

"अन् ह्या नव्या खोल्यांत कोण राहणार?"

"राहील कुणीतरी. भाड्यानंच द्यायच्या, मी काय करू एवढ्या खोल्या?"

चुलीपुढं बसलेल्या दगडाबाईनं मान वर केली नाही. तिच्या हातातली भाकर तव्यावर जरा जास्तच वेळ राहिली.

परत येताना सूर्यभान काठी टेकत म्हणाला, "चांगला मारग काढला त्यानं."

"आवं, इर्जिक राहत्या घराची असतीया," कोकिळा म्हणाली. "न्हाईतर रानातल्या कामाची. भाड्याच्या खोलीची इर्जिक कुठं ऐकली तुमी?"

"आपल्या न्हाणीला तो आला होता."

ती चालता चालता थांबली. "व्हय. आला होता. तेवढं हाय आपल्यावर."

आवसेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी जोत्यावर गेली. मुरुमाचा ढीग रस्त्याकडेला पडला होता. तिनं पदर खोचला, चुंबळ डोक्यावर घेतली आणि पाटी भरली. मागून सुलाबाई आली, तिची सून आली, खोल्यांतले पुरुष आले. वैशाखासारखी चेष्टा कुणी केली नाही. पाट्या येत होत्या, पालथ्या होत होत्या. पंडित आज पाटी उचलत नव्हता. जोत्यावर उभा राहून कुठं टाकायचं ते सांगत होता. दोनदा तो बोलता बोलता खाली उतरला, फावड्याला हात घातला, आणि कुणी काही बोललं नाही तरी पुन्हा वर जाऊन उभा राहिला.

कोकिळा थांबली नाही. दुपारी बाया सावलीला टेकल्या तेव्हाही ती एकटी वाहत राहिली. मुरुमाची धूळ घामात कालवून तिच्या मानेवर लाल रेघा उतरल्या होत्या.

"अगं बस जरा," सुलाबाई म्हणाली. "कुणाच्या बापाचं भरायलीस?"

"माझ्यावरचं उतरवायले," कोकिळा म्हणाली आणि पुढची पाटी उचलली.

दिवस कलला तेव्हा जोतं भरत आलं होतं. दगडाबाईनं अंगणात पत्रावळ्या मांडल्या. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. पंडितनं हात आखडला नव्हता. सूर्यभान पाय लांब करून पंगतीत भिंतीला टेकून बसला होता. त्याला मांडी घालता येत नव्हती. शेजारची जागा त्यानं कोकिळासाठी काठी आडवी टाकून धरली होती.

कोकिळानं हातपाय धुतले, तोंड पुसलं, आणि पंगतीसमोर उभी राहिली.

"बस ना," सूर्यभान म्हणाला.

"मी जेवणार न्हाई."

पंगतीतले हात थांबले. इर्जिकीत राबून न जेवता जाणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

पंडित वाढायचं पातेलं घेऊन उभा होता. "कामून? सोयरसुतक हाय का काही?"

"न्हाई. पंडितभाऊ, वैशाखात तुमी माझ्याकडं एक दिस राबलात. तो दिस आज मी फेडला. जास्त भरला असंल, कमी न्हाई. फिटलं. आता मी जेवले तर ही तुमची इर्जिक झाली, अन् मंग हर आवसंला यावं लागंल. खोली भाड्याची, अन् राबायचं शेजारधर्म म्हणून, असं मला जमत न्हाई. तुमी मालक, मी भाडेकरू. मालकानं भाडं सांगावं."

"कोकिळा, चार माणसांत माझा पाणउतारा करायलीस."

"नळावर माझा झाला, तवा तुमी नव्हता."

सुलाबाईनं मान खाली घातली. दगडाबाई एक पत्रावळ उचलून दोन्ही हातांनी पुढं घेऊन आली. "माझ्या हातची म्हणून खा. त्यांची म्हणू नको."

कोकिळाला फडावरचे दिवस आठवले. अंगात ताप असताना हीच दगडाबाई तिच्या वाटणीचा ऊस तोडायची. तिनं पत्रावळीला हात लावून तो हात कपाळाला लावला, पण पत्रावळ घेतली नाही. "बाई, तुमच्या हातचं मी कवा बी खाईन. आज न्हाई."

"सांगा भाडं," ती पुन्हा म्हणाली.

पंडितनं सांगितलं. बोलताना त्याची नजर पातेल्यात होती. त्यांच्या दोघांच्या कमाईत ते बसणारं नव्हतं, आणि हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

सूर्यभान पत्रावळीकडं बघत राहिला. सकाळपासून त्यानंही दगड फोडून दिले होते, भूक लागली होती. बायकोनं त्याला न विचारता त्याचं दार, त्याचं दुकान एका वाक्यात सोडून दिलं होतं. त्याचा हात पुरीपर्यंत गेला, तिथंच थांबला. मग त्यानं पत्रावळ हलकेच पुढं सारली, काठी घेतली आणि भिंतीला धरून उठायला लागला. उठायला त्याला वेळ लागला. कुणी मदतीला आलं नाही. कुणी जेवतही नव्हतं.

महिना भरला तशी त्यांनी बोचकी बांधली. सूर्यभान दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. कुरुंदाचा दगड पोत्यात घालताना तो पहिल्यांदा म्हणाला, "मला इचारायचं होतंस."

"इचारलं असतं तर तुमी जेव म्हणला असता."

"म्हणलो असतो." त्यानं पोत्याचं तोंड आवळलं. "पण इचारायचं होतंस."

तिनं पोत्याचं दुसरं टोक धरलं.

सुलाबाई पहार घेऊन आली. तिनं ती न्हाणीच्या दारात उभी केली. "फोड. एक फरशी ठेवू नको. त्या कारकुनाला चिखलात न्हाऊ दे."

कोकिळानं पहार हातात घेतली. जड होती. फरशीच्या सांधीत टोक घातलं असतं तर एका दणक्यात उखडली असती. बसवताना तिनंच तर ठोकून बसवली होती.

"ही फरशी तुमी धरली होती, सुलाबाई," ती शेवटी म्हणाली. "ती पलीकडची तुमच्या सुनेनं. कडा ह्यांनी घासल्या. माझी एकटीची असती तर फोडली असती."

"मंग त्याच्या घशात घालायची?"

"आपलं सगळ्यांचं म्हणून मला फोडता येत न्हाई, अन् त्याचं एकट्याचं म्हणून तो भाडं खाणार." तिनं पहार परत दिली. "काय करावं ते मला कळंना बाई."

मग तिनं न्हाणी धुतली, खोली सारवली, आणि चुलीचे दगड पालथे घातले, फड सोडताना घालतात तसे.

कारखान्याच्या जवळ मोकळ्या रानात बाहेरून आलेल्या टोळ्या उतरल्या होत्या. बांबू आणि चटया टोळ्यांना कारखान्यानं दिल्या होत्या. त्यातल्या एका मुकादमाचे कोयते सूर्यभान दरसाली पाजवून द्यायचा. त्यानं टोळीच्या कडेला जागा दाखवली, उरलेल्या चटया दिल्या. टोळीतल्या माणसांनी ऊस तोडून आल्यावर, अंगावरचं पाचट न झटकताच, बांबू वाकवले, बुडं रोवली, चटया बांधल्या. अंधार पडायच्या आत कोपी उभी राहिली. कोकिळानं सगळ्यांना चहा केला. भाड्याचं कुणी काढलं नाही, आणि हंगाम संपल्यावर काय, तेही कुणी काढलं नाही. उन्हाळ्यात ही सगळी कोप्यांची वस्ती उठणार होती, हे तिला माहीत होतं.

सूर्यभाननं कोपीच्या तोंडाशी दगड मांडला. इथं काम होतं. कोयते रोज बोथट होत होते. पण टोळ्यांनाच तेवढा तो माहीत होता. गावातलं गिऱ्हाईक पंडितच्या खोल्यांवर जाऊन परत फिरत होतं.

आठवड्यानं तिसऱ्या प्रहरी पंडित आला. हातात दोन कोयते होते, गंज चढलेले. फड सोडल्यापासून त्यानं ते वापरले नव्हते.

"धार लावायची होती," तो म्हणाला.

सूर्यभाननं कोयते घेतले, उलटेपालटे करून बघितले. कशाला लागतात, हे त्यानं विचारलं नाही. डब्यातलं पाणी दगडावर शिंपडलं आणि घासायला लागला.

पंडित कोपीत शिरला. तोंड बुटकं होतं. टोळीतली नवी माणसंही कपाळ आपटून घेत, पण पंडितचं अंग जेवढं वाकायचं तेवढंच वाकलं, आत आलं आणि बांबूच्या डाव्या बाजूला बसलं, जिथं तो फडावर बसायचा. कोकिळानं चहा दिला. त्यानं तो पिला. गोड जास्त होता. त्याला तसाच लागायचा.

"कारकून आला राहायला," तो म्हणाला.

"आसंल."

"न्हाणी चांगली हाय म्हणला."

बाहेर दगडावर कोयता खरखरत होता.

"दगडाबाई दोन दिस जेवली न्हाई," पंडित म्हणाला. "माझं काय चुकलं ते तूच सांग. मी भाडं वाढवत न्हाईच म्हणलो होतो. कुणाला घराबाहेर काढलं न्हाई. तूच सोडून आलीस."

"व्हय. मीच आले."

तो चटयांकडं बघू लागला. वर, आढ्याला, एका बाजूचा दोर सुटला होता. घाईत बांधलेली गाठ; वारा आला की चटई उचलली जायची आणि उन्हाची एक पट्टी चुलीवर पडून परत जायची. पंडितनं कप खाली ठेवला. तो गुडघ्यावर उभा राहिला, हात वर केला, आणि दोराचं टोक बोटांनी बरोबर पकडलं. ती गाठ त्याला न बघता येत होती.

"राहू द्या, पंडितभाऊ," कोकिळा म्हणाली.

"सैल हाय. एका झटक्यात बसंल."

"माहीत हाय. पण हात लावू नका." तिचा आवाज चढला नव्हता. "परत फेडावं लागतंय."

पंडितचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं दोर सोडला. बाहेरचा खरखर आवाज थांबला होता. सूर्यभान धारेवरून अंगठा फिरवत असावा. वारा आला, चटई उचलली, आणि उन्हाची पट्टी चुलीवरून सरकून पंडितच्या रिकाम्या कपावर येऊन थांबली.